कार्ड पगारदाराचं, बिल सगळ्यांचं

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात क्रेडिट कार्ड पुढे केलं की पूर्वी हमखास ऐकू यायचं, "कार्डला दोन टक्के वर पडतील, साहेब." आता तेच कार्ड मोबाइलच्या ॲपमध्ये जाऊन बसलंय. काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला की पैसे गिऱ्हाइकाच्या बचत खात्यातून आले की बँकेच्या उधारीतून, हे दुकानदाराच्या त्या क्षणी ध्यानातही येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रूपे या देशी नेटवर्कचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय सुरू झाली, तिथून हे बदललं. त्याआधी कार्ड म्हणजे टीव्ही-फ्रिज, विमानाचं तिकीट, पेट्रोल पंप आणि मॉल. आता व्यापाऱ्याचा क्यूआर जिथे चिकटवलाय तिथे ते चालतं, म्हणजे चहाच्या टपरीपासून औषधाच्या दुकानापर्यंत कुठेही.

देशातलं पहिलं क्रेडिट कार्ड सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली काढलं. २०२४ च्या सुरुवातीला कार्डांची संख्या दहा कोटींच्या वर गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कार्डं अगदी अलीकडच्या सात-आठ वर्षांतली आहेत. तेव्हा रोजचा खर्च कार्डाने करावा का, हा प्रश्न आता बँकेतल्या चार लोकांच्या आणि पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांच्या हौसेपुरता राहिलेला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या खात्यात बिलाचे पैसे आधीच पडून आहेत, त्याने किराणा, पेट्रोल, लाइट बिल खुशाल कार्डाने भरावं. त्यात त्याचा फायदा आहे. पण तो फायदा बँक स्वतःच्या खिशातून देत नाही. तो दुसरं कुणीतरी भरतं, आणि सोलापुरात ते दुसरं कोण हे शोधायला लांब जावं लागत नाही.

आधी फायद्याचं बोलू, कारण कार्ड म्हणजे कर्जाचा फास असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. खरेदीच्या दिवसापासून बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते. महिन्याचा सगळा खर्च एका कागदावर दिसतो. ज्या घरात हिशेबाची वही कधी उघडली नाही, त्या घराला ही सोय मोठी आहे. कार्डावर फसवणूक झाली तर अडकलेला पैसा आधी बँकेचा असतो, तुमचा नव्हे. डेबिट कार्डाच्या बाबतीत खातं रिकामं झाल्यावर पाठपुरावा करत बसावं लागतं. जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची, ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमच्यावर एका रुपयाचीही जबाबदारी येत नाही. अर्थात ओटीपी स्वतःच फोनवर सांगून मोकळं झालेल्याला हे लागू नाही. त्याने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा आणि बँकेला कळवून कार्ड बंद करून टाकावं.

सिबिलचंही, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या स्कोअरचंही, तसंच. पुढे घराचं कर्ज काढायचं असेल तर वेळेवर भरलेल्या कार्डाच्या बिलांचा इतिहास कामाला येतो. जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायला निघालेल्या जोडप्याची फाइल बँकेत गेली की मॅनेजर पगाराच्या स्लिपबरोबर स्कोअरही बघतो. ज्याच्या नावावर आजवर एक रुपयाचंही कर्ज नाही, तो आपल्याला अगदी स्वच्छ समजत असतो आणि बँकेच्या लेखी तो कोराच असतो.

आता हा फायदा रुपयांत किती, ते बघू. हिशेब लिहिण्याच्या आणि रिटर्न भरण्याच्या धंद्यात असल्यामुळे मला ही खोड आहे. महिन्याला वीस हजारांचा खर्च कार्डावर केला आणि तेवढे पैसे महिनाभर बचत खात्यात पडून राहिले, तर अडीच-तीन टक्क्यांनी त्यावर चाळीस-पन्नास रुपये सुटतात. खर्चावर बक्षीस म्हणून बँक जे पॉइंट देते ते एक टक्का धरले तर दोनशे रुपये आणखी. म्हणजे महिन्याला अडीचशे रुपयांची कमाई. ती खोटी नाही. घरातल्या दुधाच्या बिलाला तेवढाच हातभार. आता एखाद्या महिन्यात तारीख चुकली, असं समजा. तीन दिवसांपर्यंतचा उशीर झाला तर दंड लावता येत नाही आणि सिबिलला कळवताही येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. पण त्याच्या पुढे गेलात की एवढ्या बिलावर लेट फी बँकेगणिक सातशे ते हजार, आणि व्याज थेट खरेदीच्या दिवसापासून, कारण पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते. ते आठ-नऊशे. या दोन्हींवर अठरा टक्के जीएसटी. सगळं मिळून दोन हजारांच्या घरात जातं. आठ महिने नीट वापरून जमवलेलं एका विसरभोळेपणात गेलं.

पॉइंटचे पैसे येतात कुठून, हे बघण्यासारखं आहे. एक वाटा दुकानदाराकडून. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा होत नाही. साधारण दीड ते अडीच टक्के कापून जमा होते, आणि ते बँका, मशीनवाली कंपनी आणि कार्डाचं नेटवर्क आपसांत वाटून घेतात. साध्या यूपीआयवर आणि रूपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून ही कपात शून्य आहे. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयवरून वापरलं तर छोट्या दुकानदाराला दोन हजार रुपयांपर्यंत सूट आहे. त्यापुढे कपात सुरू. साखर पेठेतला किराणावाला साखर आणि गोडेतेल विकतो ते दोन-चार टक्क्यांवर. त्यातले दोन गेले तर त्याने गाळ्याचं भाडं कशातून द्यायचं? त्यामुळे कार्डाला दोन टक्के वर मागणाऱ्या दुकानदाराला लबाड म्हणणं मला पटत नाही. बँकेशी केलेल्या करारात तसं मागणं बसत नाही हे खरं. पण जो करार पाळतो तो काय करतो? सगळ्यांच्याच भावात ते थोडं थोडं मिसळतो. मग रोख देणारी बाईसुद्धा दुसऱ्याच्या पॉइंटचे पैसे भरते, तिला पत्ताही नसताना.

दुसरा आणि मोठा वाटा येतो बिल पूर्ण न भरणाऱ्यांकडून, आणि लेखाचं खरं पोट इथे आहे.

एक बिल जवळून बघा. माझ्याकडे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक छोटे कारखानदार कागदपत्रं घेऊन येतात. टॉवेलचे आठ-दहा माग आहेत. रिटर्नच्या कागदांत त्यांच्या कार्डाची स्टेटमेंटं होती. किराणा, मुलीच्या क्लासची फी, पेट्रोल, सासऱ्यांची औषधं. उधळपट्टी म्हणावी अशी एकही ओळ नाही. माल गेलेला, पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले, म्हणून घरखर्च कार्डावर. स्टेटमेंटच्या वरच्या बाजूला दोन आकडे ठळक: एकूण देय आणि किमान देय. ते दर महिन्याला किमान देय भरत होते, अगदी तारखेच्या आधी. "कधी चुकवलं नाही, बघा," असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

वीस हजारांचं बिल आहे, किमान रक्कम पाच टक्के म्हणजे एक हजार, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी. एक हजार भरले, एकोणीस हजार राहिले. पुढच्या महिन्यात त्यावर ६६५ रुपये व्याज आणि १२० रुपये जीएसटी चढून बिल येतं १९,७८५ चं. हजार भरून बाकी उतरली ती २१५ रुपयांनी. असंच वर्षभर करा, मधे एक काडीसुद्धा नवी खरेदी करू नका. वर्षाच्या शेवटी तुम्ही ११,३०० रुपयांच्या आसपास भरलेले असतात आणि बिल अजून साडेसतरा हजारांच्या पुढेच असतं. खरेदीच्या दिवसापासून लागणारं व्याज मी यात धरलेलंही नाही. आणि नवी खरेदी न करणं हे कागदावरच सोपं. घरखर्चच कार्डावर असेल तर तो थांबत नाही, आणि जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या पाच किलो ज्वारीवर आजपासून व्याज.

रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत सांगून ठेवलंय की किमान रक्कम अशी ठरवावी की ती भरल्यावर बाकी वाढता कामा नये. म्हणजे बाकी वाढणार नाही एवढी हमी झाली. उतरणार कधी, याची नाही. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशाराही स्टेटमेंटवर छापतात. तो बारीक इंग्रजीत असतो. अटी ग्राहकाला समजतील अशा साध्या भाषेत, शक्यतो स्थानिक भाषेतही द्याव्यात अशी अपेक्षा आहे. आमच्या गावात स्थानिक भाषा म्हटलं तर मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चार निघतील, हा बँकांपुढचा पेच मला मान्य आहे. पण त्यांच्या ऑफर मात्र या चारही भाषांत फोनवर येतात, तेव्हा तो पेच कुठे जातो?

कारखानदार गृहस्थांना मी सोनं तारण ठेवून कार्ड एकदाच मिटवायला सांगितलं. सोन्यावरचं कर्ज वर्षाला दहा-बारा टक्क्यांत मिळतं. कार्डवाल्या बँकेकडून बिलाचे हप्ते पाडून घेतले तरी दर बऱ्यापैकी खाली येतो. घरात सोनं असताना चाळीस टक्क्यांनी व्याज भरत राहायचं कारण काय, तर सोनं गहाण टाकणं लाजिरवाणं वाटतं आणि कार्डाचं बिल कुणाला दिसत नाही.

पण त्यांची अडचण लाजेपेक्षा खोल आहे, आणि ती या गावाची अडचण आहे. क्रेडिट कार्डाचं सगळं वेळापत्रक पगारदाराचं आहे. महिन्याला एक बिल, एक शेवटची तारीख, आणि त्याच्या आधी एक तारखेला खात्यात पगार. ज्याचा पैसा असा येतो त्याला कार्ड चपखल बसतं: झेडपीतला कारकून, शिक्षक, रेल्वेतला माणूस, विद्यापीठातला प्राध्यापक. सोलापुरात अशी माणसं आहेतच. पण हे गाव त्यांच्यावर उभं राहिलं नाही. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली आणि मग गिरण्यांचं गाव झालं, तेव्हा निदान गिरणीचा पगार तरी ठरलेला होता. गिरण्या बंद पडल्या, मागे उरले यंत्रमाग आणि विड्या. पूर्व भागातल्या मागावरच्या कामगाराचा हिशेब आठवड्याला होतो, आणि तोही किती कापड विणलं त्यावर. वीज गेली, सूत महागलं, मालकाने दोन दिवस माग बंद ठेवले, की आठवडा हलका. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे. पान-तंबाखू कमी मिळाली की विड्या कमी, विड्या कमी की पैसे कमी. कार्डाच्या बिलाची तारीख यातलं काही विचारत नाही.

शेतकऱ्याचं तर बोलायलाच नको. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव होतो त्या दिवसाचा भाव हाच त्याचा पगार. उसाचे पैसे तोडीनंतर चौदा दिवसांत मिळाले पाहिजेत असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. साखर कारखान्यांनी भरलेल्या या जिल्ह्यात थकलेल्या बिलांसाठी आंदोलन झालं नाही असा हंगाम आठवून बघा. मागवाल्याचे पैसे व्यापाऱ्याकडे दोन-दोन, तीन-तीन महिने अडकतात. लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, अशी तरतूद आयकरात एप्रिल २०२४ पासून लागू झाली. कायद्याने पंचेचाळीस दिवस आणि कार्डाचेही पंचेचाळीस-पन्नास दिवस, असं गणित कागदावर छान जुळतं. पण व्यापाऱ्याने उशीर केला तर त्याला पुढच्या वर्षी वजावट मिळते, आणि कार्ड वापरणाऱ्याने उशीर केला तर व्याज थेट खरेदीच्या दिवसापासून चढतं.

कुणी म्हणेल, मग पूर्वी काय होतं? किराण्याची उधारीच ना? होय, तीच होती आणि अजून आहे. त्या उधारीचे गोडवे गायचं कारण नाही. उधारीवर नेणाऱ्याला भाव विचारायची सोय नसते, तांदळात खडे निघाले तरी बोलता येत नाही, आणि चार गिऱ्हाइकांसमोर नाव निघालं की मान खाली. पण दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखतो. माग बंद आहेत हे त्याला गल्लीतच कळतं. बाकी फुगली की तो म्हणतो, "मागचं थोडं कमी करा ताई, मग पुढचं बघू." हा अपमान वाटतो, पण तो वेळेवरचा ब्रेक असतो. बँकेचं उलट आहे. किमान रक्कम भरत राहणारा माणूस हे तिचं आवडतं गिऱ्हाईक. त्याला लिमिट वाढवून देण्याचा फोन येतो. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, हा नियम आहे आणि तो चांगला आहे. पण अडचणीत असलेल्या माणसाची संमती मिळवायला कितीसा वेळ लागतो?

आता ज्यावर चर्चा व्हायला हवी आणि होत नाही ते. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा. त्याखाली सरकारने दर ठरवून दिलेत: परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला तारणावर वर्षाला नऊ टक्के आणि विनातारण बारा टक्के, इतरांना तारणावर पंधरा आणि विनातारण अठरा टक्के, याहून जास्त घ्यायचं नाही. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा बँकांना लागू नाही. त्यामुळे मंगळवार पेठेतल्या परवानाधारक सावकाराने मागवाल्याला वीस हजार रुपये वर्षाला चोवीस टक्क्यांनी दिले तर तो कायदा मोडतो, आणि त्याच मागवाल्याकडून बँक कार्डावर बेचाळीस टक्के घेते ती कायद्यात बसते. मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा दंडक आपल्याकडे कित्येक पिढ्यांचा. कार्डाला तोही नाही.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये निकाल दिला होता की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला: व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत, आयोगाला त्यात हात घालता येत नाही. निकालाच्या कायदेशीर बाजूवर मी काय बोलणार? अधिकार कुणाचा, एवढाच तो प्रश्न होता. पण मग ज्यांचा प्रांत आहे त्यांनी बोलावं. रिझर्व्ह बँक म्हणते, कार्डावरचं व्याज बँकेला येणारा खर्च आणि वाजवी परतावा यांच्याशी सुसंगत असावं. वाजवी म्हणजे किती, याचा आकडा ती देत नाही. तोवर महिन्याला साडेतीन, पावणेचार टक्के हेच वाजवी धरलं जातं.

बँकांचं उत्तर ठरलेलं आहे: हे विनातारण कर्ज, बुडण्याची जोखीम जास्त, म्हणून दर जास्त. जोखीम आहे हे खोटं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांच्या कार्ड कर्जावरचं जोखीमभारांकन (कर्जापोटी किती भांडवल राखायचं ते ठरवणारं प्रमाण) १२५ वरून १५० टक्के केलं, ते उगाच नव्हे. पण जोखीम आहे म्हणून दर वाढवायचा आणि दर चढा आहे म्हणून जोखमीच्या माणसालाही कार्ड द्यायचं, हे चक्र बँकेनेच फिरवलेलं असतं. तारण नसताना कर्ज तर परवानाधारक सावकारही देतो, आणि त्याला अठराची मर्यादा आहे.

याहून टोकदार आक्षेप एका ओळखीच्या सूत व्यापाऱ्याने घेतला. तो म्हणाला, "परवानावाल्या सावकाराकडे जातंय कोण? खासगीत शेकडा पाचने, शेकडा दहाने पैसे उचलतात लोक. महिन्याला! त्यापेक्षा तुमचं साडेतीन टक्क्यांचं कार्ड बरं नाही का?" त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. रात्री दवाखान्यात ॲडमिट करायचंय, काउंटरवर पन्नास हजार डिपॉझिट मागतायत, अशा वेळी खिशात कार्ड असलेला माणूस आणि शेकडा दहावाल्याचं दार ठोठावणारा माणूस यांत पहिला नशीबवान. म्हणूनच कार्ड कुणाकडे असूच नये असं मी म्हणत नाही. पण ही अडीअडचणीची गोष्ट झाली. रोजचं दूध, भाजी आणि पेट्रोल कार्डावर टाकून ज्याने लिमिट भरून ठेवली, त्याचं कार्ड दवाखान्याच्या काउंटरवर नाकारलं जाणार. ज्याचं उत्पन्न अनिश्चित आहे त्याने तर रोजच्या खर्चापासून कार्ड लांबच ठेवलं पाहिजे. रोजचं यूपीआयने, खात्यात आहे तेवढंच.

पुण्याला गेलेल्या आमच्या पोरांबद्दल इथेच सांगायला हवं. इंजिनिअर होऊन हिंजवडीत लागलेला मुलगा शनिवारी गावी येतो तेव्हा पाकिटात तीन-चार कार्डं असतात, विमानतळावरच्या लाउंजसाठीचं वेगळं आणि पेट्रोलवालं वेगळं. तो सगळी बिलं ऑटो-पेवर ठेवतो, पूर्ण भरतो, आणि बापाला शिकवतो की कार्ड म्हणजे फुकटचे पैसे. त्याच्यासाठी ते खरंही आहे. बाप यंत्रमागवाला. मुलाचं बघून तोही ॲपवरून कार्ड काढतो. कार्ड तेच, बँक तीच, अटी त्याच. मुलाला त्यातून पॉइंट मिळतात आणि बापाकडून व्याज जातं. नोकरी गेली तर मुलगाही एका महिन्यात बापाच्या रांगेत येतो, हे आयटीतल्या नोकरकपातीनंतर काही घरांना कळून चुकलंय.

तेव्हा करायचं काय? वापरणाऱ्याने करण्यासारखं थोडंच आहे: ऑटो-पे लावताना किमान रक्कम न निवडता पूर्ण रक्कम निवडावी, बिलाची तारीख आपल्या उत्पन्नाच्या तारखेला सोयीची करून घ्यावी (बँकेला ती निदान एकदा बदलून द्यावीच लागते), कार्डावरून एटीएममधून रोख कधीच काढू नये, कारण तिथे बिनव्याजी मुदत एका दिवसाचीही नसते. स्कोअर बांधायचा असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं छोट्या लिमिटचं कार्ड घ्यावं. नको असलेलं कार्ड, बाकी शून्य असेल तर, सात कामाच्या दिवसांत बंद करून द्यावं लागतं. नाही केलं तर बँकेला दिवसाला पाचशे रुपये दंड आहे. हा नियम एजंट सांगत नाहीत.

बाकीचं करायचंय ते रिझर्व्ह बँकेने. स्टेटमेंटवर किमान देय रकमेच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तुमचंच बिल धरून दोन आकडे छापले पाहिजेत: एवढंच भरत गेलात तर किती महिने लागतील आणि एकूण किती रुपये जातील. बँकेच्या संगणकाला हे काढायला निमिषही लागत नाही. व्याजदर महिन्याचा न सांगता वर्षाचा सांगावा, तोही जीएसटी धरून. साडेतीन ऐकायला किरकोळ वाटतं, पन्नासच्या जवळ जाणारा आकडा ऐकायला वाटत नाही. आणि यूपीआयला जोडलेल्या कार्डावर, जिथे आता दहा-वीस रुपयांची खरेदी होते, तिथे थकबाकीच्या व्याजाला कमाल मर्यादा हवी. मी ती वर्षाला चोवीस टक्के म्हणेन, सावकाराच्या अठरापेक्षा सहाने जास्त, बँकेच्या जोखमीचा मान राखून. बँका म्हणतील की एवढ्यात परवडत नाही, मग विडी कामगाराच्या मुलाला आम्ही पन्नास हजारांची लिमिट देणार नाही, दहाच हजारांची देऊ. दहा हजारांची लिमिट मिळून त्या मुलाचं नक्की काय नुकसान होईल, हे त्यांनी आकड्यांत मांडून दाखवावं.